टाचेतला खिळा आणि एक्स-रेतला काटा

मॅडम, नमस्कार. माझं वय ४६. साताऱ्यात घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे साडेचारपासून अकरापर्यंत ओट्याशी उभी असते. गेले चार महिने उजवी टाच दुखते आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, भिंत धरून बाथरूमपर्यंत जाते. दहा-पंधरा मिनिटांत पाय मोकळा होतो, मग कामाच्या भरात विसरायलाही होतं. डबे गेले की जरा टेकते आणि उठले की पुन्हा तेच. एक्स-रे काढला. 'टाचेचं हाड वाढलंय, काट्यासारखं टोक आलंय, इंजेक्शन घ्या, नाही थांबलं तर ऑपरेशन करून घासून काढावं लागेल' असं सांगितलं. तेव्हापासून पाऊल टाकायचीच धास्ती बसली आहे. मिस्टर म्हणतात वजन कमी कर. त्यासाठीच दिवाळीनंतर रोज अजिंक्यतारा चढायला लागले होते, आता तेही बंद. सासूबाई वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकायला सांगतात. त्यांना मधुमेह आहे, त्यांचीही टाच अधूनमधून दुखते, तेव्हा त्या स्वतःही तसंच शेकतात. हाड खरंच घासावं लागेल का? काम बंद ठेवणं मला परवडणारं नाही.
— एक वाचक, सातारा

ताई,

हाड घासायचा विचार आधी डोक्यातून काढा. तुमचा पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे जवळच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने एकदा टाच दाबून बघायला हवी, हे आहेच. पण सकाळचं पहिलं पाऊल, मग मोकळं होणं, बसून उठलं की पुन्हा कळ, हे गाणं मी इतक्या वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की तुमचं पत्र निम्मं वाचतानाच ओळख पटली. माझ्याकडे येणाऱ्या टाचदुखीच्या बायकांमध्ये तुमच्यासारख्या ओट्याशी उभ्या राहणाऱ्या, शाळेत फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या आणि दुकानात गल्ल्यामागे उभ्या राहणाऱ्याच जास्त असतात.

आधी त्या काट्याबद्दल, कारण टाचेपेक्षा त्यानेच तुमची झोप उडवलेली दिसते. एक्स-रे घरी असेल तर तो खिडकीपाशी उजेडात धरा. टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूला पुढे आलेलं टोक दिसेल. ते कुठे वळलंय ते नीट बघा. जमिनीकडे नाही, बोटांकडे. पाऊल टाकल्यावर काटा मांसात रुततोय असं चित्र जे तुमच्या मनात बसलंय, तसं घडतच नाही, कारण ते टोक आडवं असतं. आणि ज्यांची टाच जन्मात कधी दुखली नाही अशा माणसांचे एक्स-रे काढले तरी दहांतल्या एक-दोघांना हे टोक सापडतं. वय वाढेल तसं आणखी जास्त जणांना. उलट काहींची टाच तुमच्यासारखीच ठणकते आणि एक्स-रे साफ येतो. वर्षानुवर्षं पडलेल्या ताणाची ती खूण असते. केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखतं असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे. 'हाड वाढलंय' या दोन शब्दांनी माणसं जेवढी घाबरून चालणं सोडतात, तेवढं नुकसान त्या हाडाने कधी केलेलं मी पाहिलेलं नाही. तुम्हाला सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसणार, पण हे वाक्य अर्धवट आहे.

मग दुखतं काय? तळपायात टाचेच्या हाडापासून निघून पाचही बोटांच्या मुळापर्यंत गेलेला एक जाड, चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान म्हणजे धनुष्य धरलं, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. अंगाचा भार वरून आला की कमान पसरायला बघते आणि दोरी तिला धरून ठेवते. हे नुसतं वाचू नका, करून बघा. खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि अंगठ्यासकट सगळी बोटं हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताचं बोट तळपायाच्या मधोमध, जरा आतल्या अंगाने फिरवलंत की ताणलेली तार लागेल. तोच तो पट्टा. आता बोटं सोडा, तार गायब. चालताना टाच उचलून आपण बोटांवर भार देतो तेव्हा प्रत्येक पावलाला नेमकं हेच होतं. बोटं मागे वळली की पट्टा त्यांच्या मुळाभोवती गुंडाळला जातो, ताणतो आणि कमान ताठ उभी राहते. १९५४ मध्ये हिक्स नावाच्या इंग्लिश संशोधकाने याला दोर गुंडाळणाऱ्या यंत्राची उपमा दिली होती. आपण विहिरीवरचा रहाट म्हणू. प्रत्येक पावलाला एक फेरा, आणि दोर बांधलाय तो टाचेच्या हाडाला, आतल्या बाजूला. तिथे अंगठ्याने जोरात दाबलंत तर 'आई गं' म्हणाल. ही टाचदुखी बहुतेक वेळा नेमकी त्याच जागी असते.

या दुखण्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. नावातल्या शेवटच्या तुकड्याचा अर्थ दाह, म्हणून वर्षानुवर्षं सगळे ही सूज समजून गोळ्या देत आले. पण २००३ मध्ये अमेरिकेत ऑपरेशनच्या वेळी काढलेले या पट्ट्याचे पन्नास नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दाहाच्या पेशी सापडल्या नाहीत. सापडले ते विस्कटलेले, झिजलेले धागे. खूप दिवस भार ओढून सुंभ जसा पिंजारतो, तसे. म्हणून वेदनाशामक गोळीने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खिळा. गोळी दुखणं झाकते, धागे विणत नाही. फरक इतकाच की सुंभ पिंजारला की पिंजारला, हा पट्टा मात्र जिवंत आहे, स्वतःची डागडुजी करतो. रोज झीज जास्त आणि डागडुजी कमी असं झालं की तो कुरकुरायला लागतो.

तुमच्या बाबतीत हा हिशोब कधी बिघडला? तो पत्रातच आहे, तुमच्या लक्षात आलेला नाही एवढंच. साडेसहा तास फरशीवर, बहुधा अनवाणी, हे तुम्ही कित्येक वर्षं करत आलात आणि पट्ट्याने ते निभावून नेलं. मग दिवाळीनंतर एकदम रोजचा अजिंक्यतारा सुरू झाला. चढावर टाच खाली राहते, पिंढरी आणि तळपाय दोन्ही ताणले जातात, आणि उतारावर पाऊल आपटतं. त्यात पायात काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण घरातली जुनीच सपाट चप्पल किंवा तळ गेलेले बूट असणार, असा माझा अंदाज. गड वाईट नाही, ओटाही नाही. दोन्ही एकत्र, अचानक, एकही दिवस न सोडता, हे जास्त झालं.

सकाळच्या पहिल्या पावलाचं कोडंही यातच सुटतं. झोपेत आपलं पाऊल खाली झुकलेलं असतं, पिंढरी आणि पट्टा रात्रभर आखडून राहतात. डोळा उघडला की तुम्ही गॅस पेटवायच्या घाईत उठता आणि त्या आखडलेल्या पट्ट्यावर एका झटक्यात सगळा भार येतो. दुपारी टेकून उठल्यावर त्याचीच छोटी आवृत्ती.

म्हणून उद्यापासून पहिली गोष्ट अशी करा की पाय जमिनीला लागायच्या आधीच पट्टा जागा करा. गजर पाच मिनिटं अलीकडे लावा. अंथरुणातच बसून पाय मांडीवर घ्या, मघाशी सांगितली तशी बोटं मागे ओढा, तार लागली का ते दुसऱ्या हाताने चाचपा, दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करायचं, पण सकाळचं चुकवायचं नाही, आणि दुपारी टेकल्यावर उठायच्या आधीही. हा व्यायाम इतका साधा आहे की बायका मनावर घेत नाहीत, 'एवढंच?' असं विचारतात. २००३ मध्येच अमेरिकेत दहा-दहा महिने टाच दुखत असलेल्या लोकांवर तो करून बघितला होता. आठ आठवड्यांनी, नुसती पिंढरी ताणणाऱ्यांपेक्षा असा पट्टा ताणणाऱ्यांची सकाळची कळ जास्त उतरली होती. पिंढरीही सोडायची नाहीच. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, अर्धा मिनिट. मग तसंच गुडघा किंचित वाकवून अर्धा मिनिट. कणीक मुरत पडलेली असते, तेवढ्या वेळात होतं.

दोन-तीन आठवड्यांनी कळ जरा नरमली की पट्ट्याला ताकद द्यायची. इथे लोक बिचकतात. दुखऱ्या पायावर भार कसा द्यायचा? पण पिंजारलेले धागे पुन्हा नीट विणले जायला बेताबेताने दिलेला भारच लागतो. जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं, कठडा धरायचा. नॅपकिनची गुंडाळी करून ती बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटं मागे वळलेली राहतात आणि रहाट फिरतो. मग तीन आकड्यांत टाचा वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. आधी दोन्ही पायांवर, जमायला लागलं की फक्त दुखऱ्या पायावर. दिवसाआड, रोज नाही. डेन्मार्कमध्ये २०१४ साली ही पद्धत तपासली गेली. तीन महिन्यांनी ताण देणाऱ्यांपेक्षा ताकद वाढवणाऱ्यांना जास्त आराम होता. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच झाले होते, हेही सांगते, म्हणजे एखादा व्यायाम चुकला म्हणून हळहळत बसू नका. करताना थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळ नेहमीपेक्षा वाढली नाही, तर बिनधास्त चालू ठेवा. वाढली, तर पुढच्या वेळी थोडं कमी करा. दुधाचे खाडे ज्या कॅलेंडरवर मांडता, त्याच चौकोनात सकाळच्या कळेला दहापैकी किती तो आकडा लिहीत जा. हे दुखणं इतकं हळू उतरतं की रोज बघणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. महिना उलटून मागे पाहिलं की आठचे पाच झालेले दिसतात.

आता ओटा. काम बंद करायला मी सांगणार नाही. नुसतं पडून राहिल्याने हा पट्टा सुधारतही नाही. पण सहा तास एका जागी उभं राहणं मोडायला हवं. पोळ्या लाटताना उंच स्टूल घेता येईल का बघा. लाटायला उभंच राहिलं पाहिजे असं नाही, भाजायला राहावं लागतं. कणीक मळणं, भाजी चिरणं खाली किंवा टेबलाशी बसून होऊ शकतं. मदतीला कोणी असेल तर तासातासाने लाटणारीने भाजायचं, भाजणारीने लाटायचं, म्हणजे दोघींचेही पाय वाचतील. पायाखाली जाड रबरी मॅट टाका. आणि चप्पल घाला. 'स्वयंपाकघरात चप्पल?' असा आवाज घरातून येईल, तो मला इथे बसून ऐकू येतोय. त्याचं शेवटी सांगते.

चप्पल कसली घ्यायची, तर टाच बोटभर उंच असलेली, तळ मऊ पण भुसभुशीत नसलेला. दुकानात हातात धरून दुमडून बघा. बोटांपाशी वाकली तर चांगली, मधोमध दुमडली तर ठेवून द्या. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला बऱ्याच ठिकाणी मिळतात, दुकानदार 'डॉक्टर चप्पल' म्हणतो त्यातलीच एखादी चालेल. महागच हवी असं काही नाही. औषधाच्या दुकानात टाचेखाली ठेवायची सिलिकॉनची वाटी मिळते, ती बाहेरच्या बुटात घाला. जुन्या रबरी स्लिपरला टाचेच्या जागी खळगा पडला असेल, तर ती फेकून द्या.

संध्याकाळी टाच ठणकत असेल तर पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली फ्रीझरमध्ये गोठवा आणि टॉवेलवर ठेवून पाच-दहा मिनिटं तळपायाखाली फिरवा. बरीच जण लाटणं फिरवतात. तुमच्या घरात लाटण्यांना तोटा नाही, पण ती पोळीचीच राहू देत.

सासूबाईंच्या रुईच्या पानाला मी नावं ठेवणार नाही. शेकाने आखडलेलं सैल होतं, तासभर बरं वाटतं. ऊब आहे तोवर आराम. पानाचा चीक मात्र सांभाळा, त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. हा झाला तुमचा प्रश्न. सासूबाईंचं गणित वेगळं आहे आणि तुमचं पत्र वाचताना मी खरी दचकले ती तिथे. मधुमेहात तळपायाची जाणीव हळूहळू बोथट होते, त्यांना स्वतःलाही कळत नाही. तुम्हाला चटका बसेल अशी वीट त्यांना कोमट वाटेल. भाजतं, फोड येतो, तो फुटतो, मधुमेहात भरत नाही, आणि एवढ्याशा फोडावरून पुढे पायावर बेतल्याची माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं शेकणं आजच बंद. गरम पाण्यात पाय बुडवून बसणंही नको. बर्फाची बाटलीही त्यांना नको. रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि त्यांची टाच तुमच्याच कारणाने दुखते असं धरून चालू नका, डॉक्टरांना दाखवा.

इंजेक्शनचंही लिहिलंत. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे चांगला उतार पडतो, पुढे त्याचा फारसा फरक उरत नाही. वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते आणि क्वचित पट्टाच तुटतो. सगळं नीट करूनही चालणं अशक्य झालं असेल तर डॉक्टरांशी बोलून एखादं घ्यायला हरकत नाही, पण सुरुवात तिथून नको. गोळ्याही पोट, रक्तदाब, मूत्रपिंडं यांचा विचार करून, डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस. सहा-सात महिने मनापासून करूनही काहीच हललं नाही, तर शॉकवेव्हसारखे, म्हणजे यंत्राने बाहेरून टाचेवर ध्वनिलहरी सोडण्याचे, उपाय आहेत. ऑपरेशन अगदी मोजक्यांना लागतं. दहांतल्या आठ-नऊ जणांची टाच वर्षभरात त्याशिवायच बरी होते. वर्ष ऐकून तोंड पाडू नका, वर्षभर अशीच कळ राहील असं नाही.

मिस्टरांचं वजनाबद्दलचं म्हणणं चुकीचं नाही. जादा वजन आणि हे दुखणं यांचा संबंध आहेच. पण टाच दुखते म्हणून चालता येत नाही आणि चालता येत नाही म्हणून वजन उतरत नाही, या फेऱ्यात तुम्ही अडकला आहात. तो तोडायची सुरुवात टाचेपासून करू. सध्या सपाट रस्त्यावर, चांगले बूट घालून, दुखणार नाही इतकं चाला. कॅलेंडरवरचा आकडा सलग दोन आठवडे दोनच्या खाली राहिला की अजिंक्यतारा पुन्हा सुरू करा. आठवड्यातून एकदा, आधी अर्ध्यापर्यंतच. मग दोनदा. रोज नको.

काही खुणा दिसल्या तर मात्र यातलं काहीही करत बसू नका, आधी दाखवा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की जीव जातो, हाडाला बारीक तडा असू शकतो. रात्री झोपेतही, भार नसताना ठणका लागतो. मुंग्या, आग, बधिरपणा. सूज, लाली, ताप. तुमच्या घरात कोणी पंचविशी-तिशीतलं असेल, दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा-अर्धा तास धरून राहत असेल, तर तो मणक्याच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो, त्याची तपासणी वेगळी. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही.

राहता राहिली स्वयंपाकघरातली चप्पल. बाहेर कधीच न जाणारी, फक्त घरातली, धुऊन ठेवलेली कोरी जोडी, हे सासूबाईंना पटेल असं मला वाटतं, कारण मधुमेहात त्यांनाही घरात अनवाणी फिरायची परवानगी नाही. फरशीवर पडलेली टाचणी पायात गेली तरी त्यांना कळणार नाही. तेव्हा दुकानात जाताना त्यांना सोबत न्या, माप घ्या आणि दोन जोड आणा.